शिळी हवा

जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेल्या लोकांचे दोन पंथ आहेत. एक सोवळ्यातला: गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच पाहिजे, नट-बोल्टसुद्धा त्याच सालचे. दुसरा पंथ म्हणतो, गाडी चालवायला असते, देव्हाऱ्यात ठेवायला नाही. मी बरीच वर्षं तळ्यात-मळ्यात करत होतो. गेल्या हिवाळ्यात हीटरमुळे मला एक बाजू घ्यावीच लागली.

गाडी म्हणजे १९६१ च्या सुरुवातीची फोक्सवागन बीटल. जर्मनीत तिला ‘केफर’ म्हणतात, म्हणजे भुंगेरा. ३४ हॉर्सपॉवर, सहा व्होल्टची बॅटरी, आणि पेट्रोल किती उरलंय ते सांगणारा काटा नाही. इंजिन आचके द्यायला लागलं की पायाशी असलेला एक खटका फिरवायचा, मग राखीव पेट्रोलवर पंप गाठायचा. सोमवार ते शुक्रवार मी डॅशबोर्ड आणि अ‍ॅलर्ट यांतच बुडालेला असतो. त्यामुळे शनिवारी काहीही न सांगणारी गाडी चालवायला फार बरं वाटतं.

आपल्याकडे गाडी आणि उष्णता म्हटलं की मला आठवतो बोरघाट. बाबांची प्रीमियर पद्मिनी चढावर तापायची, मग बॉनेट उघडून, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून सगळे जण कठड्यावर बसायचो. उष्णता म्हणजे गाडीची वैरीण, एवढंच डोक्यात पक्कं होतं. श्टुटगार्टजवळ राहायला आल्यावर पहिल्यांदा कळलं की ही उष्णता धरून, वळवून माणसांपर्यंत आणणं हेही एक काम असतं.

बीटलमध्ये ते काम जरा अवघड. इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. पाण्याचा रेडिएटर नाही, म्हणजे गरम पाण्यावर चालणारा हीटरही नाही. डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला पंखा बाहेरची हवा ओढतो आणि पत्र्याच्या मोठ्या खोळीतून चार सिलिंडरांवर ढकलतो. माझ्या गाडीच्या काळातली युक्ती अशी, की सिलिंडर थंड करता करता स्वतः तापलेली हीच हवा इंजिनाखालच्या डब्यांत गोळा करायची, तिथे एक्झॉस्टच्या पाइपावरून नेऊन आणखी तापवायची, आणि दारांखालच्या पोकळ पत्र्यांतून पुढे पायांशी आणि समोरच्या काचेशी सोडायची. वाया जाणारी ऊब फुकटात! इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना अजूनही भयंकर आवडते.

फक्त एक गोष्ट आहे. त्या हवेने आधी अख्ख्या इंजिनाला प्रदक्षिणा घातलेली असते. सिलिंडरापाशी तेल झिरपलं (आणि या इंजिनात ते झिरपतंच) की त्याचा वास थेट नाकात. म्हणून जगभरचे बीटलवाले या पद्धतीच्या हवेला चक्क ‘शिळी हवा’ म्हणतात. आमची चार वर्षांची लेक एकदा मागून म्हणाली, "बाबा, गाडीत कुणी फोडणी जाळली?" आम्ही हसलो. त्याच दिवशी घरी आल्यावर आई म्हणाली की डोकं जड झालंय. ती सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली, थंडीची सवय नाही, झोप नीट झालेली नसेल, असं काहीही असू शकलं असतं. पण मग मला काही हसू आलं नाही.

कारण तेलाचा वास निदान कळतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. सुरुवातीची लक्षणं काय, तर डोकेदुखी आणि मळमळ, म्हणजे कुणीही ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देईल अशीच. सिलिंडर आणि एक्झॉस्टचा पाइप जिथे जोडलेले असतात तिथलं गॅस्केट फुटलं, तर शिळ्या हवेच्या पद्धतीत तो धूर हीटरच्याच वाटेवर असतो. मी घरात लावतात तसला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून मागच्या सीटवर ठेवला. अर्धा तास गाडी चालवली, आकडा शून्यच राहिला. बायको म्हणाली, "आज शून्य आहे रे. ते गॅस्केट फुटायच्या आधी तुला फोन करणार आहे का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून हीटरचा नॉब बंद, आणि गाडीत तिघींसाठी तीन ब्लँकेटं.

गंमत म्हणजे हा प्रश्न फोक्सवागनने स्वतःच सोडवलेला आहे, फक्त माझी गाडी विकली गेल्यानंतर. १९६२ च्या डिसेंबरात त्यांनी ‘ताज्या हवे’ची पद्धत आणली. पंख्याच्या खोळीला दोन जादा तोंडं दिली. सिलिंडरांकडे जाण्याआधीच थोडी हवा तिथून बाजूला निघते, दोन जाड नळ्यांतून खाली जाते आणि एक्झॉस्टच्या पाइपाभोवती बसवलेल्या बंद डब्यांत तापते. आत अ‍ॅल्युमिनियमचे पंख असतात, म्हणजे पाइपाची उष्णता हवेला भरपूर पृष्ठभागावरून मिळते. या डब्यांचा आकार फुगीर, म्हणून जर्मन लोक त्यांना ‘हाइत्सबिर्ने’ म्हणतात. बिर्ने म्हणजे नासपती. सिलिंडरांवरून आलेली तेलकट हवा आता खाली रस्त्यावर सोडून दिली जाते. डोक्यापाशचं ते गॅस्केटही हीटरच्या वाटेतून बाहेर पडतं. एक धोका मात्र उरतो: नासपतीच्या आतला पाइपच गंजून भोक पडलं, तर धूर आत येणारच.

आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला आनंदाने उडी मारावीशी वाटेल अशी बाब म्हणजे, हे बदलताना त्यांनी ३४ हॉर्सपॉवरचं इंजिन तेच ठेवलं. म्हणजे १९६३ चे भाग १९६१ च्या इंजिनावर बसतात. पण घ्यायचं तर सगळं घ्यायचं: खोळ, नळ्या, त्या नळ्यांसाठी भोकं असलेला मागचा पत्रा, दोन नासपती, त्यांना जुळणारा सायलेन्सर. अर्धवट अपग्रेड इथे महागात पडतं. नवी खोळ लावून तिची जादा तोंडं उघडी ठेवली तर सिलिंडरांच्या वाट्याची हवा तिथूनच निसटते आणि इंजिन तापतं. उलट, जुन्या खोळीला नव्या नासपती लावल्या तर त्यांच्याकडे हवाच पोचत नाही. १९६४ च्या उत्तरार्धानंतरच्या गाड्यांत नॉबऐवजी हँडब्रेकच्या दोन बाजूंना दोन दांड्या आल्या. त्या मोहात मी पडलो नाही. माझा गिअरशेजारचा फिरवायचा नॉब मला प्यारा आहे, आणि १९६३ च्या गाडीलाही तोच नॉब होता.

सोवळ्या पंथाच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दुसरा उपाय सुचवला होता, पेट्रोलवर चालणारा वेगळा हीटर. एबरश्पेशर या कंपनीचे असे हीटर त्या काळी बीटलमध्ये बसवले जात, आणि ती कंपनी तर आमच्या शेजारच्या एसलिंगेनची. मूळपणाला धक्का नाही, मान्य. पण धुराची भीती घालवायला गाडीत आणखी एक, तोही साठ वर्षांपूर्वीचा, पेट्रोल जाळणारा डबा आणायचा? हे मला काही पटलं नाही.

नासपती मिळवण्यात खूप वेळ गेला. स्वस्तातल्या नव्या मिळतात, हातात घेतली की लगेच कळतं: हलकी. आत डोकावलं तर साधा पाइप, अ‍ॅल्युमिनियमचे पंख नाहीतच. दिसायला हुबेहूब, ऊब देण्याच्या नावाने शंख. शेवटी जुन्या भागांच्या बाजारात मूळची एक जोडी सापडली. शेजारच्या आजोबांना बरोबर नेलं होतं. आयुष्यभर गॅरेजमध्ये काम केलेला माणूस. त्यांनी पाइपात दिवा घातला, अंधारात धरून चारी बाजूंनी बाहेरून पाहिलं, मग एका टोकाला बोळा लावून दुसऱ्या टोकातून फुंकलं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक केलं. विकणारा वैतागला. आजोबा त्याला शांतपणे म्हणाले, "या गाडीत लहान मूल बसणार आहे." त्यावर तोही गप्प झाला आणि मग त्यानेच बॅटरी धरली.

बसवायला एक शनिवार आणि अर्धा रविवार लागला. बीटलचं इंजिन फक्त चार बोल्टांवर असतं. पेट्रोलची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची तार, हीटरच्या तारा, वायरी सोडवल्या की जॅकवर घेऊन ते मागे ओढता येतं. काढलेला प्रत्येक भाग मी पुसून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला. उद्या कुणाला ही गाडी पुन्हा १९६१ ची करायची असेल तर दोन दिवसांचं काम आहे. मागे जाता येतं हे माहीत असलं की पुढे जायला मन धजतं, निदान माझं तरी.

भीती होती ती ट्यूव्हची, म्हणजे दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीची. माझ्या नंबरप्लेटच्या शेवटी ‘एच’ आहे, ऐतिहासिक गाडीचा. मूळपणा गेला तर तो एचही जातो. पण नियम वाटतो तेवढा सोवळा नाही. गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत जे बदल होऊ शकले असते, ते सहसा चालतात. १९६१ च्या गाडीला १९६३ चा हीटर म्हणजे अगदी घरातलंच लग्न. तपासणाऱ्या माणसाने खाली वाकून पाहिलं, मान डोलावली आणि ब्रेककडे वळला. मी तयार करून नेलेलं भाषण तसंच राहिलं.

मग आम्ही सगळे उल्मला गेलो. आल्बच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या मागे, इंजिन जीव तोडून ओढत होतं आणि पायांशी अशी झकास गरम हवा की आईने मोजे काढले. वास नाही. अलार्म शून्यावर. उतारावर पाय सोडला की मात्र ऊब लगेच ओसरते, आणि सिग्नलला उभं राहिलं की जवळजवळ नाहीच. पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो आणि उष्णता एक्झॉस्टची, त्यामुळे इंजिन जेवढं राबेल तेवढीच ऊब. तो अलार्म मी काढलेला नाही, मागच्या खिशात कायमचा आहे.

डाव्या बाजूने हवा अजून कमी येते. दाराखालचा पत्रा आतून कुठेतरी गंजला असावा. मार्चमध्ये आजोबांचं गॅरेज मोकळं झालं की उघडून बघू.