एनु सद्दु?

बिदरहून हैदराबादला जाताना प्रत्येक गतिरोधकावर गाडीच्या पुढून ‘खट्’ व्हायचं. मागून आई विचारी, “एनु सद्दु?” वडिलांची १९९८ची मारुती ८००, विकायचं नाव काढलं की तिचे डोळे भरत. गावी दोन्ही शॉकअप बदला म्हणून सांगितलं होतं.

जामबागेत, विवेकवर्धिनीजवळ, एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट दाबून सोडलं. गाडी एकदाच उसळून थांबली. “शॉकअप ठीक है.” मग जॅक लावून पहारीने खालचा आर्म हलवला. खट्! स्टॅबिलायझर दांडीचं रबरी बुश झिजलं होतं, लोखंड लोखंडावर आपटत होतं. (बुश म्हणजे झुडूप, एवढंच मला प्राध्यापकाला ठाऊक!)

परतताना जहीराबादपर्यंत आई कान देऊन बसली होती. मग म्हणाली, “सद्दु निंतितल्ला!” आणि झोपली.