सगळा दोष सूर्याचा!

शनिवारी सकाळी चहा पिता पिता एक रिकामटेकडा उद्योग केला. बेल्जियमची रॉयल ऑब्झर्व्हेटरी सूर्यावरच्या डागांचे १७४९ पासूनचे महिनावार आकडे फुकट देते. म्हटलं, आलेख काढू आणि त्यावर आर्थिक पडझडीच्या तारखा मारून बघू.

आणि काय सांगू, जमलंच की! डागांचं एक शिखर १९८९ चं. त्याच्या मागोमाग १९९१ मध्ये आपल्याला सोनं गहाण टाकावं लागलं, १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण. पुढचं शिखर २०००-०१ चं, नेमका तेव्हाच डॉटकॉमचा फुगा फुटला. च्यायला, सापडलं! पण मग आलं २००८. लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा सूर्यावर जवळजवळ एकही डाग नव्हता. २०२० मध्ये कोविडने बाजार कोसळला तेव्हाही सूर्य असाच गप्प. माझ्या मनात लगेच काय आलं असेल? "म्हणजे शिखरालाही पडतो आणि तळालाही पडतो!" इथे मात्र मी मुकाट्याने लॅपटॉप मिटला. अकरा वर्षांच्या चक्राची दोन्ही टोकं चालणार असतील, तर त्यात माझ्या आजोबांच्या बदल्यासुद्धा बसतील.

हा मोह माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसालाही झाला होता. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. अर्थशास्त्रात सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक, म्हणजे ऐरागैरा नव्हे. इंग्लंडमध्ये १८२५, १८३६-३९, १८४७, १८५७, १८६६ अशी साधारण दहा-दहा वर्षांनी व्यापारी संकटं येत होती. सूर्याचं चक्रही तेवढंच. १८७५ साली त्याने तेराव्या-चौदाव्या शतकातले इंग्लंडमधले धान्याचे भाव घेऊन त्यात अकरा वर्षांची लय दाखवली. नंतर त्याच्याच लक्षात आलं की याच आकड्यांत तीन, पाच, सात, नऊ, कुठल्याही वर्षांची लय तितकीच छान बसते! वैतागून त्याने तो निबंध मागे घेतला. इथपर्यंत मला हा माणूस फार आवडतो.

पण कल्पना डोक्यातून जाईना. १८७८ साली तो परत आला. आता सूर्याचं चक्र ११.१ नव्हे, १०.४५ वर्षांचं आहे असं एका शास्त्रज्ञाचं गणित त्याला मिळालं होतं. अठराव्या शतकात जिथे संकटं ठळक दिसत नव्हती तिथे त्याने ती शोधून काढली, आणि सरासरी आली साधारण १०.४६! इंग्लंडमधलं पीक काही सूर्याचं ऐकत नव्हतं. मग त्याने नजर वळवली कुठे, तर आपल्याकडे. दिल्लीतले गव्हाचे जुने भाव काढले आणि साखळी जोडली: सूर्य बदलला की हिंदुस्थानातला पाऊस बदलतो, पीक बुडतं, शेतकऱ्याच्या हातात पैसा उरत नाही, मँचेस्टरचं कापड पडून राहतं, आणि लंडनच्या बँका हलतात.

वाचताना मजा वाटते. पण ते साल बघा. १८७६ चा पाऊस दख्खनमध्ये पडलाच नव्हता. पुणे, नगर, सोलापूर, सातारा सगळीकडे दुष्काळ. मद्रास, म्हैसूर धरून १८७६ ते ७८ या काळात पन्नास लाखांवर माणसं मेल्याचा अंदाज आहे. त्याच वेळी देशातून धान्याची निर्यात चालूच होती. दुष्काळी कामावरच्या मजुराला रिचर्ड टेंपलसाहेबांनी ठरवलेली रोजची मजुरी होती १ पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. दगड फोडणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम धान्य! पुण्याची सार्वजनिक सभा याविरुद्ध अर्ज करत होती. आणि १८७७ मध्येच विलायतेत लॉकियर आणि हंटर हे दोघे डागांचा आणि दुष्काळांचा संबंध मांडत होते.

यातल्या कोणाचा हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही. पण कारण जेवढं लांबचं, तेवढी जवळची माणसं सुटतात. सूर्यावर खटला भरता येत नाही. निर्यात आणि मजुरीचे दर मात्र माणसंच ठरवत होती.

पाऊस का पडला नाही, हा प्रश्न खरा होताच. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. त्याने डागांचा संबंधही तपासला. तो फार कच्चा निघाला. पण जगभरचे आकडे चाळताना त्याला प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला हवेच्या दाबाचा झोपाळा सापडला, सदर्न ऑसिलेशन. त्याचं एल निनोशी असलेलं नातं १९६० च्या दशकात उलगडलं. १८७७-७८ चा एल निनो फार मोठा होता, हे आज माहीत आहे. म्हणजे चावी समुद्रात होती, आणि जेव्हन्स बघत होता वर.

गंमत म्हणजे सूर्य अगदीच निर्दोष नाही. मे २०२४ च्या सौर वादळात अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये जीपीएस भरकटलं आणि मक्याच्या ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभे राहिले. सूर्य आणि मका, जेव्हन्स खूश झाला असता! फरक एवढाच की इथे मधली प्रत्येक कडी दाखवता येते.

ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही आधी म्हणतो, "नेटवर्कचा इश्यू असेल." नेटवर्क म्हणजे आमचा सूर्य. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा गुरुवारी रात्री कोणीतरी न तपासता कोड चढवलेला असतो. आणि तो कोणीतरी अनेकदा मीच असतो.

असो. चहा गार झाला. तो आलेख मात्र मी डिलीट केलेला नाही, पुढच्या वेळी असं काही "सापडलं" की उघडून बघायला.