१९५०च्या आधीचा कागद

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सुधागड तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून द्यायला जाऊ लागलो. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर सातबारा. इथे आजोबा शाळेत गेले नव्हते आणि वाडीच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी होती.

एका आजीला विचारलं, "तुमचे सासरे कुठले?"

"रानातले."

अर्जात गावाचा रकाना होता, रानाचा नव्हता.

गाव तिला सांगता येईना, पण घरातल्या जुन्या माणसांचं काम तिने बारकाईने सांगितलं. खैर तोडायचा, गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, पाणी आटवून कात पाडायचा. खैर सरला की बिऱ्हाड पुढे. १८७८च्या वनकायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि हा धंदा चोरीत जमा झाला. मग कोळसा पाडणं आलं, त्यानंतर वीटभट्टी. पावसाळ्यात चूल थंडावली की मुकादम उचल देतो, दिवाळीनंतर घरंच्या घरं भट्टीवर जातात, पाऊस तोंडावर आला की परततात. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. उचल मात्र सहसा फिटत नाही. जूनमध्ये पटावर चढलेल्या पोरांपुढे नोव्हेंबरपासून गैरहजेरीच लागायची, ती मीच मांडत असे.

कातकरी उंदीर खातात म्हणून गावं हसतात. आजीचं म्हणणं, बांधातलं बीळ खणलं की उंदीर मिळतोच, त्याने चोरून नेलेल्या भाताच्या लोंब्याही मिळतात. शेतकऱ्याचा चोर मारून वर टोमणे ऐकायचे, हा व्यवहार मला तरी एकतर्फी वाटतो.

महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत कातकरी आहेत, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. ही यादी सरकारचीच. तरी कागद लागतोच. कागद नसेल तर गृहचौकशी आणि आसपासच्या जुन्या माणसांचे जबाब. जमिनीचा मालक जबाब द्यायला तयार होईना. "हे इथे पन्नासच्या आधीपासून आहेत असं लिहून दिलं, तर उद्या जागा मागतील," तो सरळ म्हणाला. त्याची भीती खोटी नव्हती, म्हणूनच त्याच्यापुढे वाडीचं काही चालेना.

शेवटी पलीकडच्या गावच्या एका म्हाताऱ्याने जबाब दिला, की माझ्या लहानपणापासून यांची माणसं आमच्या लावणीला येतात. आजीच्या नातवाचा अर्ज त्यावर पुढे सरकला. बाकीचे बरेच अजून तहसील कचेरीत पडून आहेत, आणि यंदाची उचल वाटून झाली आहे.