पाटी काय म्हणते, काय म्हणत नाही

इंदूरहून पुण्याला निघाले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बघ, जमतंय का." तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायची होती. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत खिडकीजवळची जागा मिळाली.

कायदा, सामान्य ज्ञान, इंग्रजी जमत होतं. तार्किक क्षमतेच्या विभागाने मात्र पहिल्याच सराव परीक्षेत पाणी पाजलं. बीएला इंग्रजी साहित्य घेतलेलं, त्यामुळे न लिहिलेलं वाचायची सवय. इथे नेमकी तीच नडली. दिलेल्या विधानात आहे तेवढंच खरं धरायचं, पदरचं काही घालायचं नाही. या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून मी बिनधास्त अंदाज ठोकायची. अंदाज बरोबर आला की चूक कळायचीच नाही.

ती कळली रस्त्यावर. संध्याकाळी मी अलका टॉकीजच्या चौकातून लकडी पुलावरून डेक्कनला आणि पुढे लॉ कॉलेज रोडला चालत जायची. (या पुलात आज लाकूड नाही. नावावरून निष्कर्ष काढू नये!) पेठेतल्या एका वाड्याच्या फाटकावर पाटी होती, 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.' एकदा जवळच हवा गेलेली स्कूटर दिसली. मनात आलं, लावली असणार फाटकासमोर. पण चाकात खिळाही घुसलेला असू शकतो. पाटी एकाच दिशेने बोलते. गाडी लावली, तर हवा जाईल. हवा गेली म्हणजे गाडी इथेच लावली होती, असं ती कुठे म्हणते? हां, पाटीवाले शब्दाचे पक्के असतील, तर चाकात हवा असलेली गाडी तिथे लावलेली नव्हती, हे मात्र नक्की.

एका दुकानावर 'दुपारी १ ते ४ बंद.' मी चारच्या ठोक्याला हजर. दुकान उघडलं चार वीसला. चारला उघडेल असं पाटीने म्हटलंच नव्हतं, ते माझं गृहीतक.

लॉ कॉलेज रोडवर टेकडीच्या पायथ्याशी आयएलएस विधी महाविद्यालय आहे, १९२४ पासूनचं. फाटकातून आत डोकावायचं आणि टेकडी चढायची, हा रोजचा नेम. एकदा पलीकडच्या उतारावर धूर दिसला आणि हसूच आलं. आपल्या न्यायशास्त्रातलं अनुमानाचं जुनं उदाहरण हेच आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. उलट मात्र चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणजे माझ्या स्कूटरचंच हे थोरलं भावंड! याच रस्त्याच्या टोकाला, भांडारकर संस्थेत, हजारो जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत.

तिथेच एका दगडावर बसले असताना बाबांचं वाक्य आठवलं. 'बघ, जमतंय का.' त्यात 'तुला जमणार नाही' कुठे होतं? ते मी घातलं होतं आणि महिनोन्‌महिने त्यांच्याशी तुटक बोलत होते. फोन लावला आणि सरळ विचारलं.

"अगं, नाही जमलं तर परत ये, असं म्हणायचं होतं," बाबा म्हणाले. "तुझी खोली तशीच ठेवलीय."

खाली कॉलेजमध्ये दिवे लागले होते. परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते.