पाळी तासांची, पाणी लिटरचं

आमच्या सामाईक लिफ्टवर पाळी तासांवर आहे. नदीकाठी मोटर, वर चार इंची पाइप, प्रत्येकाला सहा सहा तास. पाळीचा वाद सुरू झाला की जो तो आपलं घड्याळ दाखवतो. पाणी किती आलं ते कुणीच दाखवू शकत नाही.

माझं रान खाली, काठाजवळ. आमच्या चुलत वहिनींचं दोन एकर वरच्या माळावर, पाइपच्या अगदी शेवटाला. त्या गेली चार वर्षं सांगतायत, "भाऊजी, माझ्या सहा तासात निम्मी सरी पण भिजत नाही." लोक म्हणायचे, माळाची जमीनच पाणी पिते. जमीन पीत असेलही, पण मोटर तीच असली तरी पाणी जितकं उंच चढवायचं तितकं ते कमी येतं, हे पंपवाला कुणीही सांगेल. किती कमी, एवढाच प्रश्न होता.

पुतण्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्यानं दोन दिवसांसाठी अल्ट्रासोनिक मीटर आणलं. पाइप कापायचा नाही, भोक पाडायचं नाही. पाइपला बाहेरून दोन सेन्सर ग्रीस लावून पट्ट्यानं आवळायचे. पाइप कसला, बाहेरचा व्यास किती, जाडी किती हे आधी मीटरला सांगायचं. आत फिरणारं काही नसल्यामुळं शेवाळ-पाल्यानं चक्री अडकायची भानगड नाही. आमचं चक्रीचं जुनं मीटर दुसऱ्याच पावसाळ्यात अडकलं होतं.

हे मोजतं कसं? एक सेन्सर कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यातून तिरका सोडतो, दुसरा तो पकडतो. मग उलट दिशेनं तसंच. वाहत्या पाण्याबरोबर जाणारा आवाज जरा लवकर पोचतो, उलट येणारा जरा उशिरा. या फरकावरून पाण्याचा वेग निघतो. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण 1480 मीटर पळतो, आपलं पाणी पाइपात जेमतेम एक मीटर. आमच्या पाइपात दोन्ही वेळांतला फरक येतो सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे सत्तरेक भाग. पाणी हळू असलं तर त्याहून कमी.

एवढंसं मोजायला खास चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीडीसी 7200 नावाची एक आहे, ती 55 पिकोसेकंदांच्या टप्प्यानं मोजते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. स्लॅब टाकताना घमेलं हातोहात जातं ना, तसंच चिपच्या आत विजेचा ठोका एका फाटकातून दुसऱ्यात पळत असतो. आवाज पोचला की ठोका कितव्या हातात होता ते मोजायचं, झाली वेळ. हात कधी चपळ, कधी सुस्त, म्हणून बाहेरच्या स्फटिकाच्या घड्याळाशी ताळा घेत राहतात.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. पाणी 20 अंशांवरून 30 वर गेलं की आवाजाचा वेगच 27 मीटरनं वाढतो. म्हणजे जे मोजायचं त्याच्या सत्तावीसपट गडबड! पण दोन्ही दिशा लागोपाठ मोजल्या की ती गडबड हिशोबातून निघून जाते.

लावायची जागा मात्र नीट पाहिजे. अलीकडं पाइपच्या दहापट आणि पलीकडं पाचपट सरळ लांबी ठेवायची, म्हणजे चार इंचीला साधारण एक मीटर नि अर्धा मीटर. एल्बो किंवा व्हॉल्व्हला चिकटून लावू नका. पाइप पूर्ण भरलेला हवा. सक्शनला हवा ओढत असेल तर बुडबुड्यांमुळं आकडे नाचतात.

माझ्या पाळीला मीटरनं तासाला 31 हजार लिटर दाखवले. विश्वास नको म्हणून दहा हजाराची टाकी भरून बघितली. हिशोबानं 19 मिनिटं 20 सेकंद लागायला हवी होती, लागली 19 मिनिटं 40. वहिनींच्या पाळीला आकडा आला 22 हजार. सहा तासांत मला एक लाख 86 हजार, त्यांना एक लाख 32 हजार. 54 हजाराचा फरक.

आता बैठकीत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, वर पाणी चढवायला लिटरमागे वीज जास्त लागते, ती आम्ही का भरायची? मुद्दा खरा आहे, आणि तो लिटरच्या हिशोबात बिलात धरता येतो. पण आजवर वहिनींनी बिल तासांचं, सगळ्यांइतकंच भरलंय, पाणी मात्र कमी घेतलंय, त्याचं काय? 2005 च्या कायद्यानं कालव्याच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं ठरलंय. नाशिककडं वाघाड धरणावरचे शेतकरी कधीपासून घनमापावर पाणी घेतायत. आपण एका पाइपवरचे लोक घड्याळाला धरून बसलोय.

मी बैठकीत मांडलंय की आमच्या दोघांच्या बारा तासांत माझे पाच आणि वहिनींचे सात करा. मग दोघांना दीड लाखाच्या वर, जवळपास सारखंच पाणी बसतं. माझ्या उसाचा एक तास जातो. घरातून यावर बोलणी खाल्ली, ती चालूच आहेत. बाकीच्यांचं मोजमाप अजून झालेलं नाही, मीटर पुढच्या महिन्यात परत मागवलंय.

कुणी जुन्या, आतून गंजलेल्या लोखंडी पाइपवर हे लावून बघितलंय का? आमच्या मोटरजवळचा तुकडा तसलाच आहे, तिथं आकडा स्थिर येत नाही. अनुभव असेल तर खाली लिहा.