चपला वर नेणारी मैना

आमची कुत्री मैना गेल्यावर बरेच दिवस घरात कुत्र्याचा विषय कुणी काढला नाही. परवा धाकटीनं काढला. "आई, आता लॅब्रेडॉरचं पिल्लू आणूया का?" तिच्या मैत्रिणीकडे नुकतंच आलंय. मैना आली तेव्हा धाकटी जेमतेम बोलायला लागली होती, त्यामुळे मैना का आली, कशी आली, हे तिला ठाऊक नाही. तिला कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर म्हणजे सांगलीच्या गावभागातला वाडा. पावसाळ्यात इथं माणसं भेटली की पहिला प्रश्न, "आयर्विनवर किती फूट?" नदीवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही होडीतून बाहेर पडलो. परत आलो तेव्हा सासूबाईंची पेटी, त्यांनी विणलेले रुमाल, थोरल्याची पुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला होता. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. घर धुऊन, रंगवून झालं, पण आप्पा, माझे सासरे, त्यानंतर बोलेनासे झाले. आम्ही दोघं नोकरीवर, मुलं शाळेत नि पाळणाघरात, आणि आप्पा दिवसभर चौकात खुर्ची टाकून बसलेले.

कुत्रा आणायची कल्पना नवऱ्याची. त्यानं पुण्याच्या एका माणसाकडे लॅब्रेडॉरचं पिल्लू ठरवलं, फोनवर फोटो मागवले, थोडी रक्कमही पाठवली. पिल्लू पाच आठवड्यांचं. "लहानपणीच नेलं की लळा लागतो," असं तो माणूस म्हणाला. मी म्हटलं, "आपण जाऊन पिल्लाची आई बघू." तर म्हणे, आई इथं नसते, गावाकडे असते. पुन्हा विचारलं तर कागद मिळतील म्हणाला. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. दूध पिणारं पोर आईपासून तोडून विकणारा माणूस त्या आईला कसं ठेवत असेल, हाच विचार माझ्या मनात बसला. आई दिसल्याशिवाय पिल्लू घरात येणार नाही, असं मी सांगून टाकलं. नवरा दोन दिवस धुमसत होता. मी हटले नाही.

मग भाऊजींनी सुचवलं, विदेशी नको तर मुधोळ घ्या, आपल्याच भागातला. मुधोळ मला फार आवडतो. घोरपडे संस्थानिकांनी जपलेली जात, २००५ साली टपाल तिकिटावर आलेली. पण ते जनावर माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेलं. आमच्या चौकात त्याच्या चार ढांगांत भिंत आली असती. लॅब्रेडॉरचंही तेच. मूळचा तो न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांबरोबर पाण्यात उतरणारा. अंगावर केसांचा दुहेरी थर. सांगलीच्या एप्रिलमध्ये त्याला दुपारभर गार फरशी शोधत हिंडावं लागतं. शिवाय कुठलंही पिल्लू म्हटलं की रात्रीचं रडणं, चावणं, दर दोन तासांनी अंगणात नेणं. ते सगळं आप्पांच्याच गळ्यात पडलं असतं, आणि त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं.

जातिवंत कुत्र्याचा यात काही दोष नाही. शेवटी आम्ही प्राण्यांच्या निवारा केंद्रात गेलो, तिथं मी लॅब्रेडॉर पाहिले, पग पाहिले, एक हस्कीसुद्धा पाहिला. हौसेनं आणलेले आणि हौस फिटल्यावर सोडलेले.

त्या केंद्रात जाताना मी आप्पांना बळेच रिक्षात बसवलं होतं. तिथल्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसभर घरी कोण असतं?" मी आप्पांकडे बोट दाखवलं. ताई आत गेल्या आणि एका तांबड्या गावठी कुत्रीला घेऊन आल्या. वय चार-पाच वर्षं, डाव्या कानाला नसबंदीची खाच. अंगावर उडी नाही, भुंकणं नाही. आप्पांनी एवढंच विचारलं, "पुरातली का?"

"हो. सांगलीवाडीत एका माळवदावर सापडली. घरचं कुणी आलं नाही."

"चला की मग," आप्पा म्हणाले. पुरानंतर एवढ्या चटकन ते कशालाच हो म्हणाले नव्हते.

मैना शांत होती. पहिला पाऊस पडेपर्यंत. जूनची पहिली सर कौलांवर वाजली आणि ती उठली, दारातली आप्पांची चप्पल तोंडात धरली आणि जिना चढून वर ठेवून आली. मग दुसरी. मग नवऱ्याचे बूट, माझ्या चपला, मुलांच्या. एकीलाही दात लावलेला नाही. वरच्या मजल्यावर भिंतीला लावून ठेवलेल्या. पाऊस थांबला तरी ती खाली आणत नसे. ते काम आमचं. पुढं दर पावसात हेच. दूधवाल्याची चप्पल गेली, गॅसवाल्याची गेली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका अनवाणी जिन्याखाली उभ्या आणि थोरला वरून एकेकीच्या जोड्या शोधून आणतोय, असंही झालं. नवरा दारं लावून घ्यायचा, तिला बांधून बघायचा. ती ओरडायची नाही, नुसती थरथरायची. शेवटी आप्पांनी हुकूम काढला: पाऊस आला की तिला मोकळी सोडायची. पहिली चप्पल कायम आप्पांचीच असे.

२०२१च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. कोयनेचा विसर्ग वाढल्याचे निरोप येत होते, आणि आयर्विनवर पाणी फुटाफुटानं वाढत होतं. नवरा आणि मी सामान वर चढवत होतो. आप्पा म्हणाले, "ह्या वेळी मी हलणार नाही." बाहेर पडायचं म्हणजे विश्रामबागला, भाऊजींच्या फ्लॅटवर. वाडा विकायच्या बोलण्यावरून बाप-लेकांत अबोला होता, वर्ष होत आलं होतं. "त्याच्या दारात मी जाणार नाही. वरच्या मजल्यावर बसून राहतो." नवऱ्यानं समजावलं, मी हात जोडले, थोरला रडला. काही उपयोग झाला नाही.

वीज गेली. मैनेनं संध्याकाळीच सगळ्या चपला वर नेल्या होत्या. न्यायला काही उरलं नाही तरी ती खाली जाई, रिकाम्या दारात हुंगे आणि परत वर येई. मध्यरात्री पाणी चौकात आलं तेव्हा ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली आणि खाली जाणाऱ्या प्रत्येकाचा पदर, लेंगा दातांत धरायला लागली. आप्पा जाऊन तिच्याशेजारी बसले. मी वरून कंदील धरून उभी होते, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते मैनेशी बोलत होते.

"मागल्या पुरात मी होडीत बसलो नव्हतो का, तेव्हा मागच्या गल्लीत एक कुत्रं पत्र्याच्या खांबाला साखळीनं बांधलेलं होतं. मानेपर्यंत पाणी. भुंकत नव्हतं, बघत होतं. होडीत पोरं होती, बाया होत्या. मी थांबवा म्हटलो नाही."

दोन वर्षं हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांचं न बोलणं म्हणजे सासूबाईंचं दुःख, असं आम्ही धरून चाललो होतो. तेही होतंच. पण केंद्रात त्यांनी एका शब्दात होकार का दिला होता, ते मला त्या पायरीवर कळलं. मैना रात्रभर थरथरत राहिली आणि आप्पांनी तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.

उजाडताना होडी आली. आप्पा आपणहून उठले. "हिला हे सोसवायचं नाही. चला." होडीतली पोरं म्हणाली, आधी माणसं, कुत्र्याचं नंतर बघू. आप्पा म्हणाले, "मांडीवर घेतो. जागा नसेल तर आम्ही दोघं पुढच्या खेपेला." पोरांनी जागा केली.

विश्रामबागला भाऊजी खाली रस्त्यावर उभे होते. बापाला काय म्हणावं त्यांना सुचेना. ते मैनेकडे बघत म्हणाले, "आप्पा, हिला काय देऊ?" आप्पा म्हणाले, "आधी टॉवेल दे. मग दोघांना चहा टाक." अबोला तिथं संपला. वाड्याचा विषय पुढं पुन्हा निघाला, वाददेखील झाले, पण बोलणं पुन्हा कधी तुटलं नाही.

मैना म्हातारी होऊन गेली. शेवटच्या पावसाळ्यात तिला जिना चढवत नव्हता. ती चप्पल तोंडात धरून पहिल्या पायरीशी उभी राहायची आणि आप्पा, एका हातानं कठडा धरून, ती वर नेऊन ठेवायचे. त्यांच्या गुडघ्यांनाही जिना नको होता. पण त्यांनी दुसऱ्या कुणाला ते करू दिलं नाही.

तर धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लॅब्रेडॉर वाईट नाही आणि निवाऱ्यातली कुत्री म्हणजे पुण्य नाही. मोठं झालेलं कुत्रं आपली भीती बरोबर घेऊन येतं आणि ती भीती घरातल्या सगळ्यांना सांभाळावी लागते. पण त्याचा स्वभाव आधीच दिसतो, आणि तो आपल्या माणसाच्या स्वभावाशी जुळवून बघता येतो. पिल्लाच्या बाबतीत हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून जात नंतर बघायची. दिवसभर घरात कोण असतं ते आधी बघायचं.

आणि जे कुणी आज पिल्लू घ्यायच्या विचारात असतील त्यांनाही माझं सांगणं आहे. विकत घेणार असाल तर पिल्लाची आई डोळ्यांनी बघा. दाखवत नसतील तर पैसे देऊ नका. आणि पैसे देण्याआधी एकदा जवळच्या निवारा केंद्रात जाऊन या. जाताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या.