मशीन कुणाचं ऐकतं

"सर, हॅकिंग शिकवता का?" मेहकरात संगणकाचं केंद्र सुरू केल्यापासून एमएससीआयटीच्या जवळपास प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा मागच्या रांगेतला असतो आणि त्याला कुणाचं तरी इन्स्टाग्राम उघडून पाहायचं असतं. आधी फेसबुक असायचं. त्याच्या डोळ्यांसमोर सिनेमातला माणूस असतो. टोपी घातलेला, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, धडाधड बोटं चालवली की मोहीम फत्ते.

हॅकिंग म्हणजे नेमकं काय हे मलाही नीट माहीत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये केंद्राला कुलूप होतं, हाताला काम नव्हतं, तेव्हा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. मागच्या खोलीत बाद झालेले दोन संगणक एकमेकांना केबलने जोडले आणि इंटरनेट काढून ठेवलं. एकावर हॅकिंगची हत्यारं असलेलं काली लिनक्स टाकलं, दुसऱ्यावर जुनं विंडोज सेव्हन तसंच ठेवलं. स्वतःच्या यंत्रांवर काहीही करा, कुणी विचारत नाही. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरलं की माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ लागतं आणि तीन वर्षांपर्यंत आत जावं लागू शकतं. हे मी आता पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. निम्म्यांचा उत्साह तिथेच ओसरतो.

अभ्यासक्रमाचा पहिला मोठा भाग फोडाफोडीचा नव्हताच. तो नुसता चौकशीचा होता. समोरचं ऑफिस कोणतं सॉफ्टवेअर वापरतं? तिथे काम करणाऱ्यांची नावं काय, त्यांचे ईमेल कसे लिहिले जातात? संगणक दुरुस्तीला कोण येतं? सुट्टी कधी असते? यातलं बहुतेक सगळं उघड्यावर असतं. नोकरीच्या जाहिरातीत 'अमुक सॉफ्टवेअर येणाऱ्यास प्राधान्य' असतं. सत्काराच्या फोटोत मागे टेबल दिसतं, टेबलावरच्या स्क्रीनला चिठ्ठी चिकटवलेली असते. शिकवणारा म्हणायचा, घाई करू नका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मला कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर. पण पुढे कळलं की हातात येणारी प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नाचं उत्तर असते: हे यंत्र कुणाचं ऐकतं?

मग यंत्राकडे वळायचं. संगणकाची कोणती पोर्ट, म्हणजे दारं, उघडी आहेत ते पाहायचं, त्यामागे कोणता प्रोग्राम आणि त्याची कोणती आवृत्ती चालू आहे ते विचारायचं. गंमत म्हणजे यंत्र हे बिनदिक्कत सांगतं. आवृत्ती कळली की तिच्यातले जाहीर झालेले दोष यादीत शोधायचे. माझ्या विंडोज सेव्हनवर फाइल शेअरिंगचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं होतं. त्यातला दोष अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होता. त्या दोषावर तिने बनवलेलं हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये जगापुढे आलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. तरी १२ मे २०१७ ला त्याच दोषातून शिरणारा वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला आणि लाखाहून जास्त संगणक कुलूपबंद करून बसला. दुरुस्ती येऊन दोन महिने झाले होते, फक्त लोकांनी ती घेतली नव्हती. आमच्या भागात तर घेणार तरी कसे? विंडोजच चोरीचं, अपडेट सुरू केलं तर 'ही प्रत खरी नाही' असं येतं, म्हणून संगणक बसवून देणारा जाताना अपडेट बंद करून जातो.

त्या दोषातून मागच्या खोलीतला संगणक माझ्या हाती यायला चहा निवण्याइतका वेळही लागला नाही. आनंद झाला, नाही असं नाही. पण मी काय केलं होतं? चार ओळी टाइप केल्या होत्या. अक्कल दुसऱ्या कुणाची होती, ती आयती मिळाली होती. जगातल्या बहुतेक चोऱ्या अशा आयत्या हत्यारांवर चालतात, असं माझं मत झालं आहे.

पासवर्डचं तर बोलायलाच नको. गजानन महाराजांचं शेगाव आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे नवा ईमेल काढताना दहातले कितीतरी जण 'जयगजानन' लिहितात. चिन्ह हवं म्हटलं की ॲट, आकडा हवा म्हटलं की १२३. महाराजांवर श्रद्धा ठेवावी, पण बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाचा पासवर्ड ओळखायला बसलेला भामटा हाच शब्द आधी टाकून पाहणार. पासवर्ड ओळखणारे प्रोग्राम शब्दांच्या याद्या घेऊनच बसतात, आणि यादी गावाप्रमाणे बदलता येते.

हे सगळं शिकल्यावर मी कॉसमॉस बँकेच्या प्रकरणाच्या जुन्या बातम्या पुन्हा काढून वाचल्या. २०१८ साली वाचल्या तेव्हा ९४ कोटींचा आकडा तेवढा लक्षात राहिला होता. आता कारागिरी दिसली. पुण्याची ही बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार, आणि तोही दुसरा, म्हणजे बँकेला सुट्टी. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मशीन स्वतः काही ठरवत नाही. ते स्विच नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाला विचारतं: या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? चोरांनी मालवेअर घालून मधे स्वतःचा खोटा स्विच उभा केला. विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोचायचीच नाही. मधला खोटा स्विच म्हणायचा, दे. म्हणून ग्राहकांच्या खात्यातून रुपयासुद्धा कमी झाला नाही, गेले ते बँकेचे. बनावट कार्डं घेतलेली माणसं २८ देशांत मशीनपुढे उभी होती. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी निघाले, भारतात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी, त्यात कोल्हापूरही होतं. सोमवारी १३ तारखेला बँकांमधल्या स्विफ्ट यंत्रणेच्या खोट्या निरोपांवरून आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले.

तिथे कुणी तिजोरी फोडली नाही. एटीएम ज्याचं ऐकतं त्याच्या जागी जाऊन ते उभे राहिले.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा दिली. ती कार्डं घेऊन पैसे काढणाऱ्या साखळीतली माणसं. खोटा स्विच लिहिणारा अजून कुठेतरी चहा पीत बसला असेल. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेतून २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले, त्यातही असंच. नोकरीचा अर्ज म्हणून आलेला ईमेल, मग कित्येक महिने आत गप्प बसणं, आणि ढाक्याची शुक्रवारची सुट्टी, न्यूयॉर्कचा रविवार, मनिलातली चिनी नववर्षाची सुट्टी हे सगळं जुळवून मारलेला हात. व्यवहारांची नोंद छापणारा बँकेतला प्रिंटर त्यांनी आधीच बंद पाडला होता. मला त्यांच्या तांत्रिक हुशारीपेक्षा या प्रिंटरचं जास्त वाटतं. एवढ्या मोठ्या बँकेत रोजचा कागद पाहणारा माणूस कोण, हे त्यांनी शोधून काढलं होतं.

हे पुण्या-ढाक्याचं झालं. आमच्याकडे ते येतं व्हॉट्सॲपवर.

डोणगावकडचे एक काका सोयाबीनचे पैसे जमा झाले त्याच आठवड्यात केंद्रावर आले. "सर, मोबाईल पाहा बरं, गरमच होऊन राह्यला. अन् मेसेज एकबी येऊन नाही राह्यला." त्यांच्याकडे भाड्याची गाडी आहे, ती समृद्धी महामार्गावरून जाते-येते. तो रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडच्या गाडीवाल्यांना वेगाच्या ऑनलाइन चलानाचा धसका आहे. त्यांना 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली होती, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे ती फाइल नव्हे, ॲपच. आणि ती कुण्या परक्या नंबरावरून आलेली नव्हती. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आली होती. त्या माणसाला ती पाठवल्याचा पत्ताच नव्हता. त्याचा फोन आधीच गेलेला होता, ॲप त्याच्या नावाने स्वतःच फाइल वाटत होतं.

मी फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि सेटिंगमध्ये पाहिलं. ॲपचं चिन्ह कुठेच दिसत नव्हतं, पण यादीत ते होतं. त्याला एसएमएस वाचायची परवानगी होती, पाठवायचीही होती. म्हणजे बँकेचा ओटीपी आला की काकांआधी तो चोराकडे जायचा. चलान भरायच्या पानावर 'आधी एक रुपया भरा' म्हणून कार्डाचा नंबर आणि पिन घेऊन झाला होता. कॉसमॉसच्या मागे जी पद्धत दिसते तीच इथेही, फक्त धाकटी. चौकशी: या भागात गाडीवाले किती, त्यांना कशाची भीती. शिरकाव: ओळखीच्या माणसाचा निरोप. मग परवानगी, ती काकांनी स्वतः 'अलाऊ' दाबून दिलेली. मग गप्प बसणं. मग रात्री, बँक बंद असताना, खातं रिकामं करणं.

१९३० ला फोन लावला. हा राष्ट्रीय सायबर मदतीचा क्रमांक, आणि तिथे वेळ महत्त्वाची असते, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात. काकांना मी म्हटलं, रडू नका, आधी व्यवहाराचा नंबर सांगा. काही रक्कम पुढच्या खात्यात अडकली, बाकीची निघून गेली होती. अडकलेलीही लगेच मिळत नाही. ज्या खात्यात ती अडकली ते दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजच्या पोराचं निघालं. त्याने खातं भाड्याने दिलं होतं.

"पण मी त ओटीपी कोनालेच सांगितला नाही," काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरंच होतं ते. ओटीपी न सांगण्याची टीव्हीवरची, बँकेची, पोलिसांची सूचना त्यांनी पाळली होती.

आणि त्या सूचनेचंही जरा बोललं पाहिजे. माझ्या केंद्रात भिंतीवर पत्रक आहे, ओटीपी कोणालाही सांगू नका. त्या पत्रकाखाली बसून मी दिवसभर लोकांना विचारतो, ओटीपी सांगा. पीएम किसानची ई-केवायसी, पीक विमा, लाडक्या बहिणीची पडताळणी, शेतकरी ओळख क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, सगळीकडे तेच. सरकारी योजना खेड्यातल्या माणसापर्यंत पोचते ती माझ्यासारख्या ऑपरेटरच्या बोटांनी, आणि ऑपरेटरला नंबर सांगितल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. म्हणजे भरोशाच्या माणसाला ओटीपी सांगायची सवय आम्हीच घातली. चोराला फक्त भरोशाचा माणूस व्हायचं असतं. फोनवर 'तुमचा हप्ता अडकलाय' म्हणणारा आवाज तोच तर असतो. माणसाला बोलण्यात गुंतवून आत शिरण्यासाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकेचा केव्हिन मिटनिक आयुष्यभर यावरच बोलत, लिहीत राहिला. २०२३ मध्ये तो गेला. त्याला मेहकरच्या केंद्रावर एक दिवस बसवलं असतं तर त्याच्या गोष्टींत भर पडली असती.

मी आता कीबोर्ड गिऱ्हाइकाकडे फिरवतो. तुमचा नंबर तुम्हीच टाका म्हणतो. तरुण टाकतात. म्हाताऱ्या माणसांची बोटं थबकतात. "मले काय समजते त्यातलं? तूच टाक ना बाप्पा," म्हणतात, आणि मागची रांग कुरकुरायला लागते.

ओटीपी तरी बदलतो, अंगठा बदलत नाही. आधार आणि अंगठा लावून पैसे काढायच्या सोयीत ओटीपी लागतच नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत निघतात. तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्डवाल्याने जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे संकेतस्थळावरून उचलले आणि रबरी शिक्के करायच्या मशीनवर त्यांचे नकली अंगठे बनवले. ही बातमी मी एका आजींना सांगितली. त्यांच्या खरेदीखतावरही अंगठाच होता. त्या घाबरल्या, म्हणाल्या, "मंग बंद करून टाक माया अंगठा." आधारमध्ये तशी सोय आहे, बायोमेट्रिक लॉक. मी लावून दिला.

पुढच्या महिन्यात त्या परत आल्या. रेशनच्या दुकानात मशीन अंगठा घेत नव्हतं. लॉक लावला की सगळीकडेच लागतो, चोराला वेगळा आणि रेशनवाल्याला वेगळा असा नाही. थोड्या मिनिटांपुरता तो उघडता येतो, पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत, कामाच्या जागी फोन नेऊ देत नाहीत. दुपारी त्याची जेवणाची सुट्टी झाली. त्याने फोन केला, मेसेज उघडला आणि सहाही आकडे मला मोठ्याने वाचून दाखवले. आजी मग घाईघाईने दुकानाकडे निघाल्या, कारण लॉक परत लागायच्या आत पोचायचं होतं.